उडवायचे की थांबायचे?

निपाणी भागातला शेतकरी तंबाखूचा पाला उन्हात वाळत घालतो आणि दुपारी आभाळ भरून येते. माल गोळा करावा तर मजुरी अंगावर पडते. राहू द्यावा तर एका सरीने वर्षाची कमाई जाते. त्याने माल आत घेतला आणि पाऊस आलाच नाही, तर त्याचा निर्णय चुकला म्हणाल का? निर्णय पारखायचा तो घेताना हाती काय माहिती होती, यावरून. अवकाश संशोधनातल्या एका निर्णयाला हीच कसोटी लावून पाहू.

10 ऑगस्ट 1979, श्रीहरिकोटा. एसएलव्ही-3 हे भारताचे पहिले उपग्रह प्रक्षेपक यान, सुमारे 23 मीटर उंच, 17 टन वजनाचे. प्रकल्पप्रमुख होते ए. पी. जे. अब्दुल कलाम. उड्डाणाला काही मिनिटे उरली असता संगणकाने नियंत्रण यंत्रणेत दोष दाखवून उलटी गणती रोखली. इंधनाचा राखीव साठा पुरेसा आहे, असे तज्ज्ञांनी आकडेमोड करून सांगितले. कलामांनी संगणक बाजूला ठेवून यान सोडले. पहिला टप्पा नीट पार पडला. दुसऱ्यात यान भरकटले आणि 317 सेकंदांनी बंगालच्या उपसागरात कोसळले. धूळ अडकून एक झडप उघडी राहिली होती व तिच्यातून नायट्रिक आम्ल वाहून गेले होते, असे चौकशीत निघाले.

‘साठा पुरेल’ हे उत्तर गळती थांबली असेल तरच खरे. अनिश्चिततेत आकड्याइतकेच त्यामागचे गृहीत तपासावे लागते, आणि घड्याळ पुढे सरकत असताना नेमके तेच राहून जाते.

दुसरा प्रश्न, सिद्ध कोणी करायचे? जानेवारी 1986 मध्ये अमेरिकेत चॅलेंजर यानाच्या अग्निबाणातील रबरी कड्या थंडीत दगा देतील, असे अभियंते आदल्या रात्री सांगत होते. उड्डाण सुरक्षित आहे हे दाखवण्याऐवजी ते धोक्याचे आहे हे सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावरच आला. दुसऱ्या दिवशी सात अंतराळवीर गेले.

तिसरी गोष्ट अपयशानंतरची. 1979 मध्ये पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः बसले आणि जबाबदारी त्यांनी आपल्याकडे घेतली. 18 जुलै 1980 रोजी त्याच प्रकारच्या यानाने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला, तेव्हा बोलायला त्यांनी कलामांना पुढे केले. यात मोठेपणा आहेच, पण व्यवस्थापनाची दृष्टीही आहे. हिशेब चुकलेल्या माणसाला चव्हाट्यावर उभे केले, तर पुढच्या वेळी शंका कोण बोलून दाखवील? झडप अडकल्याचे कारण तरी कोण सांगेल?

आपल्या सीमाभागातल्या पतसंस्थांत आणि साखर कारखान्यांतही कर्ज द्यावे की नाही, गाळप कधी सुरू करावे, असे निर्णय अपुऱ्या माहितीवरच होतात. बैठकीच्या इतिवृत्तात ठरावाखाली तीन ओळी वाढवा: काय माहीत होते, काय गृहीत धरले, आणि ‘थांबा’ कोण व का म्हणाले. त्या निकाल लागण्याआधी, त्याच दिवशी लिहा. निकालानंतर प्रत्येकाला आपण आधीच सांगितले होते असे वाटू लागते.