नव्वदला थरथरणारी गाडी

गाडी नवीकोरी. शहरात अगदी लोण्यासारखी चालते. पण हायवेला काटा ८५ च्या पुढे सरकला की सीटमधून गुरगुर सुरू होते आणि आरशातला मागचा ट्रक धूसर दिसायला लागतो. ९० ला कळस गाठतो, आणि गंमत म्हणजे १०० च्या आसपास परत बरंच शांत! मोठ्या टायरच्या, उंच, फोर बाय फोर गाड्या घेणाऱ्यांकडून ही तक्रार वारंवार ऐकू येते. सर्व्हिस सेंटरचं उत्तरही ठरलेलं असतं. पहिल्यांदा "बॅलन्सिंग करून देतो", दुसऱ्यांदा "परत बॅलन्सिंग करून देतो" आणि तिसऱ्यांदा "या गाड्या अशाच असतात हो!"

मित्रांनो, गाड्या "अशाच" नसतात. थरथर म्हणजे कंपन, आणि प्रत्येक कंपनाला एक फ्रिक्वेन्सी असते. गाडीतला कुठला भाग सेकंदाला किती वेळा फिरतो हे आपल्याला काढता येतं. म्हणजेच कंपन किती हर्ट्झचं आहे ते कळलं की संशयित जवळजवळ सापडलाच. पार्ट बदलत बसण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. (माझं सगळं शिक्षण इंग्लिश मीडियमचं, त्यामुळे शब्द वर्कशॉपमधलेच वापरणार आहे. मराठीच्या मॅडमनी माफ करावं!)

आधी थोडं गणित

टायरवर खडूने एक खूण करा, खाली जमिनीवर एक खूण करा, आणि गाडी चाकाची एक पूर्ण फेरी होईपर्यंत ढकला. दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. समजा ते २.४ मीटर आलं. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. २५ भागिले २.४, म्हणजे चाक सेकंदाला साधारण १०.४ फेऱ्या मारतंय.

डिफरेन्शियलचा रेशो ४ धरला तर प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या चौपट, म्हणजे सेकंदाला सुमारे ४२ वेळा फिरतो. त्याच वेळी टॅकोमीटर २००० आरपीएम दाखवत असेल तर इंजिन सेकंदाला ३३ वेळा फिरतंय. झाले तीन संशयित: १०, ३३ आणि ४२.

हे आकडे शरीरालाही ओळखू येतात. १० हर्ट्झला सीट आणि स्टीअरिंग चक्क हलतात. ४० च्या पुढे ते हलणं न राहता गुणगुण होते, फरशीतून तळपायाला मुंग्या येतात. मोबाईलमधल्या सेन्सरवरून फ्रिक्वेन्सी दाखवणारी अ‍ॅप्स मिळतात, ती सीटच्या रेल्वर फोन घट्ट बांधून वापरता येतील. पण एक सावधगिरी. सेन्सर सेकंदाला १०० नोंदी घेत असेल तर ५० हर्ट्झच्या वरचं खरं चित्र तो दाखवूच शकत नाही. ८३ चं कंपन तो खुशाल १७ म्हणून दाखवेल. नायक्विस्टचा नियम फक्त परीक्षेपुरता नाही, हे इथे पटतं.

९० लाच का?

अ‍ॅक्सल आणि चाकं ही खाली टायर आणि वर सस्पेन्शन अशा दोन स्प्रिंगच्या मध्ये अडकलेली असतात. या जोडणीची नॅचरल फ्रिक्वेन्सी बहुतेक गाड्यांत १० ते १५ हर्ट्झच्या दरम्यान येते. ९० च्या स्पीडला चाकाचा ठोका नेमका या पट्ट्यात शिरतो आणि रेझोनन्स होतो. तो टप्पा ओलांडला की झोका पुन्हा लहान होतो. म्हणजे "ठराविक स्पीडलाच थरथरते" हा गाडीचा लहरीपणा नाही, तो पुरावा आहे.

बॅलन्सिंग करूनही का जात नाही?

आता मुख्य मुद्दा. समजा रिमच्या कडेला, केंद्रापासून २० सेंटीमीटरवर, ३० ग्रॅम जास्तीचं वजन आहे. ९० च्या स्पीडला त्याचा सेंट्रिफ्युगल फोर्स सुमारे २५ न्यूटन, म्हणजे अडीच किलोचा ठोका, सेकंदाला दहा वेळा. समोरच्या बाजूला तेवढंच वजन लावलं की हिशोब मिटला. हे झालं बॅलन्सिंग.

पण टायर म्हणजे गोल दगड नव्हे. रबर, तारा आणि कापडाचे थर चिकटवून तो बनतो. एखादा भाग जरा जाड, जरा कडक राहतो, किंवा टायर रिमवर किंचित वाकडा बसतो. अशा गाडीच्या टायरचा कडकपणा साधारण २०० ते ३०० न्यूटन प्रति मिलिमीटर असतो. घेरात एकूण १ मिलिमीटरचा चढउतार असेल, म्हणजे मध्यापासून अर्धा वर आणि अर्धा खाली, तरी १०० ते १५० न्यूटनचा ठोका बसतो. वरच्या ३० ग्रॅमच्या चार-सहा पट!

बॅलन्सिंग मशीन चाक हवेत फिरवतं. तिथे त्याला रस्ता दाबत नाही, म्हणून हा दोष दिसत नाही. स्क्रीनवर शून्य-शून्य येतं, मेकॅनिक प्रामाणिकपणे "ओके" म्हणतो, आणि गाडी थरथरतच राहते. दोघंही खोटं बोलत नसतात. दोन वेगळे आजार आहेत, ताप मात्र एकच.

यासाठी फिरत्या टायरवर रोलर दाबून बल मोजणारी मशीन्स असतात, त्यांना "रोड फोर्स" बॅलन्सर म्हणतात. त्यावर टायरचा सर्वांत कडक बिंदू आणि रिमचा सर्वांत खोलगट बिंदू काढतात, आणि टायर रिमवर फिरवून दोन्ही समोरासमोर आणतात. याला मॅच माउंटिंग म्हणतात. दोष एकमेकांना खाऊन टाकतात.

मशीन नसेल तर?

माझ्या मामाने गेल्या वर्षी कर्ज काढून अशीच गाडी घेतली. तीन वेळा सर्व्हिस सेंटर, तीन वेळा बॅलन्सिंग आणि शेवटी जॉब कार्डवर "नो प्रॉब्लेम फाउंड" असा शेरा. वॉरंटीचे दिवस पळत होते आणि मामी लांबच्या प्रवासाला त्या गाडीत बसायला तयार नव्हती. शेवटी एका रविवारी मी आणि मामा जॅक अन् पाना घेऊन बसलो. आम्ही गेलो ती क्रमवारी अशी:

१. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल आहे का ते पाहिलं. ऑफ-रोड गाडीत हे सगळ्यात आधी. मूठभर मातीही ३० ग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त.

२. टायर थंड असताना हवा मोजली. नव्या गाड्या कारखान्यातून निघताना कधीकधी हवा मुद्दाम जास्त भरलेली असते आणि ती कमी करायची राहून जाते. गाडी यार्डात बरेच दिवस उभी असेल तर टायर खालून चपटाही होतो. थोडा असेल तर वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये टायर गरम होऊन तो सरळ होतो. आमची थरथर तासाभरानेही तशीच होती.

३. एकच स्पीड, दोन गिअर. मोकळ्या सरळ रस्त्यावर मामा चालवत होता, मी नोंदी लिहीत होते. ९० ला सहाव्यात आणि मग पाचव्यात. इंजिनचे आरपीएम बदलले, थरथर तशीच. म्हणजे इंजिन निर्दोष. ब्रेक हलका दाबूनही फरक नाही, म्हणजे डिस्कवरचा संशयही कमी.

४. थरथर स्टीअरिंगला नव्हती, सीटला होती. म्हणून संशय मागच्या बाजूवर.

५. आता हुकमाचा पत्ता, स्टेपनी! या गाड्यांना मागच्या दारावर बहुधा पूर्ण मापाचं चाक असतं. मागचं डावं चाक काढून स्टेपनी लावली, फेरी मारली. फरक नाही. डावं परत जागेवर बसवलं आणि उजव्याच्या जागी स्टेपनी लावली. थरथर गायब! मामाने गाडी बाजूला घेऊन चक्क टाळी दिली.

टायरवाल्याकडे तो टायर रिमवर अर्धी फेरी फिरवून बसवला आणि बॅलन्सिंग केलं. राहिलेली थरथर आता फक्त शोधणाऱ्यालाच जाणवेल.

आणि स्टेपनीने उलगडा झाला नाही तर?

मग ४२ हर्ट्झकडे, म्हणजे प्रोपेलर शाफ्टकडे वळायचं. शाफ्टचा क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, कोनात फिरतो तेव्हा पुढचा शाफ्ट समान वेगाने फिरत नाही. १० अंशांच्या कोनाला वेग सुमारे दीड टक्का वर-खाली होतो, तेही एका फेरीत दोनदा. म्हणून ८३ हर्ट्झची गुणगुण. दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि योक एका रेषेत असले तर हे आपोआप रद्द होतं. गाडी उंच करण्यासाठी लिफ्ट किट बसवलं तर नेमका हाच मेळ बिघडतो. शाफ्ट काढताना फ्लँजवर खूण करायची ती याचसाठी, की जसा होता तसाच बसावा. हे काम मात्र वर्कशॉपचं, घरी करू नये. आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर तपासणीसाठी फोर व्हील टाकून पाहू नये, पार्ट टाइम सिस्टीममध्ये गिअर अडकून नुकसान होतं.

शेवटचं, पण महत्त्वाचं. सर्व्हिस सेंटरला "गाडी थरथरते" एवढंच सांगू नका. जॉब कार्डवर लिहून घ्या: "८५ ते ९५ मध्ये, सीटला, गिअर बदलून फरक नाही, उजवं मागचं चाक बदलल्यावर जातं." टायरची वॉरंटी बहुधा टायर कंपनीकडे असते, तिथेही हाच कागद चालतो. "अशाच असतात" हे मोघम तक्रारीला दिलेलं उत्तर आहे. आकडे लिहिलेल्या तक्रारीला ते देणं जरा अवघड जातं.