साक्ष फिरते तेव्हा

खुनाचा उलगडा झाला नाही की आपण सहज म्हणतो, पुरावाच नव्हता. परंतु जातीच्या वैरातून झालेल्या खुनांत पुष्कळदा पाहणारे असतात. सांगणारे उरत नाहीत.

नगर जिल्ह्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. वरच्या म्हणविल्या जाणाऱ्या जातीतील मुलीशी बोलतो, या संशयावरून त्याला शाळेतून मारहाण करीत नेले, असा आरोप होता. पुढे खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. पुराव्यावाचून न्यायालयाने शिक्षा देऊ नये, हे रास्तच आहे. पण मुलाला मारले कोणी, हा प्रश्न तसाच राहिला.

तपासाला दोन आधार असतात: वस्तू आणि माणूस. वस्तूचा पुरावा पहिल्या काही दिवसांतच हाती लागतो. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत २००६ साली एकाच कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा पुरलेली प्रेते उकरून पुन्हा शवचिकित्सा करावी लागली. पहिल्या वेळची ढिलाई मागाहून भरून निघत नाही.

माणसाचा पुरावा त्याहून नाजूक. आपल्या आंबवड्यासारख्या गावात साक्षीदार आणि आरोपी एकाच वाटेने शेतावर जातात. साक्षीदाराला पाणी, मजुरी, उधारी सारे गावातच मिळवायचे असते. म्हणूनच अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील तपास उपअधीक्षकाहून कमी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देत नाहीत. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने साक्षीदारांच्या संरक्षणाचे स्वतंत्र प्रकरणच त्या कायद्यात घातले. दंडाधिकाऱ्यापुढे वेळीच नोंदविलेला जबाब पुढे साक्ष फिरली तर ताडून पाहता येतो. मात्र केवळ त्याच्या बळावर गुन्हा शाबीत होत नाही.

अमेरिकेत मेडगर एव्हर्स या निग्रो पुढाऱ्याचा १९६३ साली मिसिसिपीत खून झाला. १९६४ मध्ये दोन वेळा खटला चालला. दोन्ही वेळा केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीचे एकमत झाले नाही. आरोपीने खुनाची बढाई मारली होती, असे सांगणारे नवे साक्षीदार पुढे आले आणि १९९४ मध्ये त्याला शिक्षा झाली. एकतीस वर्षांत सत्य बदलले नव्हते. ते बोलण्याची भीती कमी झाली होती.

तेव्हा तपास हे एकट्या पोलिसांचे काम नव्हे. खरे सांगणाऱ्याच्या घरी दुसऱ्या दिवशीही शेजारी पूर्वीसारखा जाऊन बसला, तरच त्याची साक्ष न्यायालयापर्यंत टिकेल.