पोर्ट्रेट लेन्स: अंतराचा हिशेब

पोर्ट्रेटसाठी कुठली प्राइम लेन्स घ्यावी, या प्रश्नाचं पहिलं ठोस उत्तर व्हिएन्नातून आलं. 1839 मध्ये डागेरोटाइप हे फोटो काढण्याचं तंत्र जाहीर झालं, पण तेव्हाच्या लेन्समधून उजेडच इतका कमी यायचा की समोरच्या माणसाला मिनिटं मिनिटं निश्चल बसावं लागे. व्हिएन्नातल्या जोसेफ पेट्झवालने 1840 मध्ये गणित मांडून सुमारे एफ 3.6 ची लेन्स आखली. कडेला चित्र भोवऱ्यासारखं फिरायचं, मधला चेहरा मात्र लख्ख. मोठं अ‍ॅपर्चर आलं ते उजेडासाठी. पार्श्वभूमी पुसायची हौस पुष्कळ नंतरची.

35 मिमी फिल्मच्या जमान्यात 85 आणि 105 हे आकडे पक्के झाले. माझ्या लेखी या सगळ्या काळातली सर्वांत समंजस लेन्स म्हणजे निकॉनची 105 मिमी, एफ 2.5. ती 1954 ची. 1971 मध्ये आतल्या काचांची रचना बदलली, तरी लौकिक तोच राहिला. स्टीव्ह मॅककरी यांनी 1984 मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो याच लेन्सने काढला. जून 1985 च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर तो आला आणि जगभर पोचला. अ‍ॅपर्चर फक्त 2.5!

105 का, तर अंतरासाठी. हातभर अंतरावरून 35 मिमीने चेहरा टिपला की नाक पुढे येतं, कान मागे पळतात. दोष लेन्सचा नसतो, जवळ जाण्याचा असतो. लांब फोकल लेंग्थ फोटोग्राफरला मागे सरकवते आणि चेहऱ्याची ठेवण जपली जाते.

डिजिटलमध्ये हिशेब बदलला. सेन्सर लहान झाला आणि 50 ची लेन्स 75-80 सारखी वागू लागली. कॅननची 1990 मधली प्लॅस्टिकच्या माउंटची 50 मिमी एफ 1.8 घेऊन कितीतरी जणांनी पोर्ट्रेट गिरवलं. निकॉनवाल्यांना जरा त्रास होता: डी40 सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसल्याने जुन्या 50 वर हातानेच फोकस करावा लागे. 2011 च्या जी मालिकेतल्या एफ 1.8 च्या 50 ने ती अडचण स्वस्तात मिटवली.

मग मिररलेस आले, कॅमेरा आपणहून डोळा शोधू लागला आणि एफ 1.2, 1.4 ची चढाओढ लागली. फुल फ्रेमवर 85 मिमी, एफ 1.8, दोन मीटर अंतर: जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. चेहरा तिरका असेल तर जवळचा डोळा खणखणीत, पलीकडचा मऊ. पोर्ट्रेटमध्ये दुसरा डोळा गमावून मिळवलेला बोके मला पटत नाही. एफ 2.8 ला तीच खोली नऊ सेंटिमीटरच्या आसपास जाते, आणि पार्श्वभूमी तरीही विरघळलेलीच राहते.

म्हणून दुकानात जाण्याआधी टेप घेऊन आपली खोली मोजा. फुल फ्रेमवर 85 ने कमरेपर्यंतचा उभा फोटो घ्यायला दोन मीटर लागतात, शिवाय माणसाच्या मागे दीड-दोन मीटर मोकळे हवेत. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत ते जमत नाही. तिथे 50 घ्या, सव्वा मीटरवरून तेवढीच चौकट मिळेल. क्रॉप सेन्सर असेल तर अशा खोलीसाठी 35 बघा. अंगणात, गच्चीवर काम करत असाल तर 85, एफ 1.8 पुरेशी आहे; 1.2 चे जादा पैसे दिव्यांवर खर्च करा.