जोडणी आधी, खरेदी मागाहून

संगणक हे एकसंध यंत्र आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तो सुट्या भागांचा संच आहे, आणि त्यांना एकत्र बांधणारी पाटी म्हणजे मदरबोर्ड. जांबच्या मुलाला हे भाग आणावयाचे तर जालना किंवा त्याहून लांबचे शहर गाठावे लागते. भाग जुळला नाही की पैसे अडकतात, वर एक खाडा आणि एसटीचे भाडे बुडते. म्हणून जोडण्या आधी समजून घ्याव्यात, असे आम्ही म्हणतो.

पहिली जोडणी प्रोसेसरची. त्याच्या बैठकीस सॉकेट म्हणतात. एएमडी कंपनीची ‘एएम ५’ ही बैठक २०२२ साली आली. तिचा प्रोसेसर जुन्या ‘एएम ४’वर बसत नाही. इंटेलची ‘एलजीए १७००’ बैठक बाराव्या ते चौदाव्या पिढीचे प्रोसेसर घेते. पण बोर्डावरील बायोस ही मूळ आज्ञावली जुनी असेल, तर बसलेला नवा प्रोसेसरही चालत नाही. बोल्टाची जाडी जुळली तरी आटे जुळावे लागतात, हे फिटरला सांगावे लागत नाही.

रॅमचेही तसेच. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ संपर्कबिंदू असतात. पण खाचेची जागा निराळी. एएम ५ला डीडीआर ५च लागते. एलजीए १७००चे काही बोर्ड डीडीआर ४ घेतात, काही डीडीआर ५.

एसएसडीच्या ‘एम.२’ जागेत अधिक फसगत होते. दिसायला सारख्या पट्ट्यांत काही साटा पद्धतीच्या, काही एनव्हीएमई पद्धतीच्या असतात. कित्येक बोर्डांवर एम.२ जागा वापरली की एखादे साटा पोर्ट बंद पडते. ग्राफिक कार्डाची लांब खाचही नेहमी पूर्ण सोळा मार्गांची नसते; कधी चारच जोडलेले असतात.

एसएमपीएसकडून बोर्डाला चोवीस पिनांची मुख्य जोडणी आणि प्रोसेसरसाठी बहुधा आठ पिनांची निराळी जोडणी लागते. ग्राफिक कार्डाची आठ पिनांची जोडणी तिच्यासारखीच दिसते, पण तिच्यात वीजप्रवाहाची मांडणी उलट असते. ती बळेच दाबून बसवू नये, बोर्ड जळेल.

कामगार करारावर सही करण्यापूर्वी कलमन् कलम वाचतो. बोर्डाची माहितीपुस्तिका हाही करारच आहे. दुकानदाराचे ‘बसेल हो’ हे आश्वासन ऐकावे. पैसे मात्र पुस्तिका वाचूनच मोजावेत.