न दिसणाऱ्या अक्षरांची २१ वर्षं

तहसील कचेरी असो की कॉलेजचं फाटक, समोर झेरॉक्सचं दुकान असतंच. सातबारा, आधार कार्ड, परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मैत्रिणीकडून आणलेल्या नोट्स, सगळं त्या काचेवर उपडं पडतं. प्रकाशाची पट्टी सरकते आणि कोमट प्रत हातात येते. हे इतक्यांदा पाहिलेलं आहे की आत काय घडतं हे विचारायचं सुचतच नाही. पण एकदा विचारून पाहावं. कारण त्या काही सेकंदांत एक क्षण असा येतो, जेव्हा तुमची सगळी अक्षरं यंत्राच्या आत काना-मात्रेसकट तयार असतात आणि तरी जगातल्या कुठल्याच डोळ्याला ती दिसू शकत नाहीत.

आत एक गोल ड्रम असतो. त्यावरच्या लेपाचा गुण विलक्षण आहे: अंधारात त्यातून वीज वाहत नाही, उजेड पडला की वाहू लागते. आधी अंधारात या लेपावर स्थिर विद्युतभार पसरतात. मग मूळ कागदाचं प्रतिबिंब त्यावर पाडतात. कागदाच्या पांढऱ्या भागावरून उजेड परत येतो, आणि तो जिथे पडतो तिथला भार निघून जातो. काळ्या अक्षरांवरून उजेड येत नाही, म्हणून तिथला भार जागच्या जागी राहतो. आता ड्रमवर अक्षरं आहेत, पण ती निव्वळ विजेची आहेत. त्यांना रंग नाही, उंचवटा नाही. मग विरुद्ध भाराची काळी पूड येते आणि अक्षरांच्याच जागी चिकटते. कागदामागून भार देऊन ती पूड कागदावर ओढून घ्यायची आणि उष्णतेनं वितळवून पक्की करायची. हल्लीच्या यंत्रांत लेझर आला असला तरी गाभा हाच आहे.

ही कल्पना ज्याच्या डोक्यात आली तो चेस्टर कार्लसन. जन्म १९०६, सिएटलचा. वडील नाभिक, क्षय आणि संधिवातानं अंथरुणाला खिळलेले. कळत्या वयापासून घर या मुलाच्या कमाईवर चालत होतं, आणि तो १७ वर्षांचा असताना आईही क्षयानं गेली. १९३० साली तो कॅलटेकमधून भौतिकशास्त्राचा पदवीधर झाला, ते नेमके महामंदीचे दिवस. अखेर न्यूयॉर्कमध्ये एका कंपनीच्या पेटंट विभागात नोकरी मिळाली. तिथे रोजचं दुखणं म्हणजे प्रती. पेटंटच्या मजकुराच्या आणि आकृत्यांच्या नकला कधीच पुऱ्या पडत नसत. एक तर पुन्हा टंकन करा, नाही तर बाहेर पाठवून महागडी छायाचित्रं काढून घ्या. त्यातच कार्लसन रात्री वकिलीचं शिक्षण घेत होता. कायद्याची पुस्तकं परवडत नव्हती, म्हणून वाचनालयात बसून हातानं उतरवून घ्यायचा. त्याचे हात दुखायचे. संधिवात त्याच्याही सांध्यांत शिरू लागला होता.

त्याच वाचनालयात त्यानं प्रकाशानं वीजवाहक बनणाऱ्या पदार्थांविषयी वाचलं. हंगेरीच्या पाल सेलेनी या शास्त्रज्ञाचं स्थिर विद्युतभारांच्या चित्रांवरचं कामही त्याच्या हाती लागलं. रसायनांच्या वाटेनं मोठ्या कंपन्या जातच असणार, असं गृहीत धरून त्यानं मुद्दाम कोरडी वाट निवडली. १९३७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. स्वयंपाकघरात गंधक तापवून प्रयोग केले, घरभर वास मारला. शेवटी न्यूयॉर्कच्याच अ‍ॅस्टोरिया भागात सासूच्या घरातली एक खोली घेतली आणि ऑस्ट्रियाहून आलेल्या ओटो कोर्नाय या निर्वासित अभियंत्याला मदतीला ठेवलं.

२२ ऑक्टोबर १९३८. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा लेप होता. कोर्नायनं काचेच्या पट्टीवर शाईनं लिहिलं: १०-२२-३८ अ‍ॅस्टोरिया. पडदे ओढले. सुती रुमालानं गंधक घासून त्यावर भार चढवला, काचपट्टी त्यावर ठेवली, काही सेकंद प्रखर दिवा लावला. पट्टी उचलली तेव्हा पत्र्यावर काहीच नव्हतं. मग लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीची बारीक भुकटी त्यावर टाकली आणि अलगद फुंकली. तारीख आणि ठिकाण, जसंच्या तसं, समोर उभं राहिलं. मेणकागदावर ते उतरवून घेतलं. जगातली ही पहिली झेरॉक्स.

यंत्र बाजारात यायला त्यानंतर जवळजवळ २१ वर्षं लागली.

कोर्नाय तर वर्षाच्या आतच निघून गेला. त्याला यात भवितव्य दिसेना. कार्लसन २०हून जास्त कंपन्यांकडे गेला. त्यांत आयबीएम होती, कोडॅक होती, जनरल इलेक्ट्रिकही होती. सगळीकडून नकार. मला त्या अधिकाऱ्यांना नावं ठेवावीशी वाटत नाहीत. त्यांच्यासमोर एक पत्रा, चिमूटभर भुकटी आणि पुसट अक्षरं एवढंच असायचं. त्यात कचेरीतलं यंत्र बघायचं तर नजर नव्हे, जवळजवळ श्रद्धाच हवी होती. १९४२ मध्ये पेटंट मिळालं आणि १९४४ मध्ये ओहायोतल्या बॅटेल या संशोधन संस्थेनं काम हाती घेतलं. पुढे रॉचेस्टर शहरातली हॅलॉइड नावाची कंपनी पुढे आली. फोटोचा कागद बनवणारी ही कंपनी कोडॅकच्याच गावात, कोडॅकच्या सावलीत जगत होती. जोसेफ विल्सन हा तिचा तरुण अध्यक्ष. १९४७ साली त्यानं परवाना घेतला.

मला खरं आश्चर्य वाटतं ते इथून पुढच्या वर्षांचं. सातत्य म्हणजे तेच ते काम डोळे मिटून करत राहणं, असं आपण सहज धरून चालतो. इथे तर जवळजवळ काहीच तेच राहिलं नाही. गंधक गेलं आणि सेलेनियम आलं, ते उजेडाला कैक पटींनी जास्त संवेदनशील होतं. रुमाल गेला, त्या जागी भार सोडणारी बारीक तार आली. वनस्पतीची भुकटी जाऊन राळेची काळी पूड आली. ती पांढऱ्या जागेवरही चिकटायची, म्हणून तिच्यात बारीक मणी मिसळले गेले. त्यांच्याशी घासून पुडीला नेमका हवा तो भार मिळू लागला. प्रत्येक बदलानंतर अक्षर आदल्यापेक्षा किंचित स्वच्छ उठत होतं. विक्रीच्या वहीत त्याची नोंद होणार नव्हती, पण भिंगाखाली फरक दिसत होता. विल्सन आणि त्याची माणसं ज्याच्या जोरावर तग धरून राहिली ते हे होतं, असं मला वाटतं. त्यांना यशाची खात्री नव्हती, पण आजचा कागद कालच्यापेक्षा बरा आहे हे ते पाहू शकत होते.

१९४९ मध्ये पहिलं यंत्र निघालं. सगळं हातानं करायचं, एका प्रतीसाठी कितीतरी क्रिया. कचेऱ्यांनी ते नाकारलं. पण एक अनपेक्षित उपयोग सापडला: ऑफसेट छपाईसाठी लागणारा मूळ कागदी साचा त्यावर स्वस्तात आणि झटपट तयार होत होता. फोर्डसारख्या मोठ्या कंपन्यांना तो उपयोगी पडला. ज्या कामासाठी यंत्र जन्मलं ते त्याला येत नव्हतं, तरी भलत्याच कामातून पैसा येऊ लागला. वाट पाहण्याच्या काळात पोट कशावर भरायचं, हा प्रश्न धीराच्या गोष्टींत बहुधा गाळला जातो. हॅलॉइडला उत्तर मिळालं म्हणून ती उरली. तसं न मिळाल्यानं बुडालेल्या चिकाटीच्या कंपन्याही असणारच, त्यांच्या कथा आपल्यापर्यंत येत नाहीत.

आणि जोखीम लहान नव्हती. १९४७ ते १९६० या काळात कंपनीनं या तंत्रावर सुमारे साडेसात कोटी डॉलर ओतले. नेहमीच्या धंद्यातून त्या काळात जे मिळालं, त्याच्या सुमारे दुप्पट. बाकीचं कर्जातून आणि समभाग विकून उभं केलं.

१९५८च्या सुमारास कचेऱ्यांसाठीच्या नव्या यंत्रात भागीदारी करायला हॅलॉइडनं आयबीएमला विचारलं. आयबीएमनं सल्लागार कंपनीकडून बाजाराचा अभ्यास करून घेतला आणि निष्कर्ष आला की अशी फार तर ५,००० यंत्रं खपतील. आयबीएमनं नकार दिला. १६ सप्टेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात हॅलॉइडचं हे यंत्र झेरॉक्स ९१४ या नावानं लोकांसमोर आलं. ९ बाय १४ इंचांपर्यंतचा कागद चालायचा, म्हणून ९१४. वजन जवळजवळ ३०० किलो. प्रात्यक्षिकासाठी आणलेल्या दोन यंत्रांपैकी एकानं तिथेच पेट घेतला.

दुसरं चाललं. कंपनीनं ही यंत्रं विकण्याऐवजी मुख्यतः महिना ९५ डॉलर भाड्यानं दिली. त्यात २,००० प्रती धरलेल्या, त्यापुढे प्रत्येक प्रतीचे वेगळे पैसे. कचेऱ्यांनी ती संख्या कुठल्या कुठे मागे टाकली. सल्लागारांची गणितं चुकली ती इथे. त्यांनी तेव्हा लोक किती नकला काढत होते ते मोजलं. पण बटण दाबून साध्या कागदावर प्रत मिळते म्हटल्यावर कारकुनानं जे पत्र एरवी फिरवून सगळ्यांना वाचायला दिलं असतं, ते आता दहा जणांच्या टेबलावर एकाच वेळी पोहोचू लागलं. प्रतीची प्रत निघू लागली. कार्बन पेपरच्या काळात ज्या प्रती कुणी मागितल्याच नव्हत्या, त्या मोजायच्या कशा? गरज होती, पण यंत्र येईपर्यंत तिलाही रंगरूप नव्हतं. १९५९ साली कंपनीची उलाढाल सव्वातीन कोटी डॉलरच्या घरात होती. १९६६ मध्ये ती पन्नास कोटींच्या पुढे गेली. अ‍ॅस्टोरियातून निघून गेलेल्या कोर्नायलाही कार्लसननं पुढे कंपनीचे १०० समभाग भेट पाठवले.