नवी म्हैस वैरणीला तोंड लावीत नाही तेव्हा

बाजारातून किंवा परप्रांतातून नवी म्हैस दावणीला आली की घरात सणासारखे वातावरण असते. घरधनीण पायावर पाणी घालून ओवाळते, शेजारपाजार बघायला जमतो. पण दुसरा दिवस उजाडला तरी वैरण गव्हाणीत तशीच पडलेली दिसते, आणि मग साऱ्यांच्या तोंडचे पाणी पळते. लाखाच्या घरातले जनावर, त्यात बहुधा सोसायटीचे नाहीतर बँकेचे कर्ज! कोणी म्हणतो दृष्ट लागली, कोणी म्हणतो गोडेतेल पाजा. या घाईतच जनावर गमावण्याची भीती अधिक असते.

शेतकरी बंधुभगिनींनो, आधी म्हशीच्या बाजूने विचार करा. रोहतक-हिसारकडची मुऱ्हा म्हैस गव्हाच्या भुशावर आणि हिवाळ्यात बरसीम घासावर वाढलेली असते. ट्रकमध्ये लांबचा प्रवास करून ती तुमच्या दारी येते, तो समोर कडब्याची अख्खी पेंढी नाहीतर उसाचे वाढे! शिवाय तिच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात चारा आंबवून पचविणारे असंख्य सूक्ष्मजीव असतात. ते जुन्या चाऱ्याला सरावलेले असतात. उपास घडला की त्यांची संख्या घटते आणि भूक आणखी मंदावते.

म्हणून पहिल्या दिवशी पाणी, सावली आणि शांतता. ताजे पाणी थोड्याथोड्या वेळाने दाखवावे. अनोळखी पाणी हुंगून सोडत असेल तर त्यात गुळाचा खडा विरघळवावा. म्हशीला घाम फार कमी येतो, काळी कातडी उन्हात तापते. तेव्हा दोन-तीनदा अंगावर पाणी घालावे. पुष्कळदा नुसत्या आंघोळीनेच तोंड हलू लागते. बघ्यांना मात्र दोन दिवस लांबच ठेवा. ओवाळायला हरकत नाही, पुरणपोळी मात्र हुंगू द्यावी तेवढीच!

खरेदी करतानाच जुन्या मालकाला विचारावे, काय घालीत होता? जमल्यास त्याच वैरणीची दोन पोती बरोबर आणावीत. त्यात आपली वैरण कुट्टी करून मिसळावी आणि दहा-पंधरा दिवसांत हळूहळू प्रमाण बदलावे. ती खात नाही म्हणून काही घरांत लाडाने भाकरी, भात, पीठ पुढे करतात. उपाशी पोटात असे धान्य एकदम गेले तर आम्ल वाढून चांगले जनावरही दगावते. पेंड-सरकीसुद्धा प्रथम मूठभरच.

नवे जनावर तीन आठवडे वेगळे बांधा, असे आम्ही सांगतो, ते रोग पसरू नये म्हणून. पण म्हैस कळपातली. एकटी पडली की ती खात नाही. यावर उपाय असा, की गव्हाण आणि पाण्याची बादली वेगळी ठेवावी, पण घरची जनावरे खाताना तिला दिसतील अशा बेताने, थोड्या अंतरावर बांधावे. चार तोंडे चरताना पाहून पाचवेही हलते.

बांबूच्या नळकांड्याने जबरीने काही पाजू नका. मान वर ओढून, जीभ धरून ओतलेले तेल वा काढा श्वासनळीत उतरला तर फुफ्फुसदाह होतो. मूळ दुखणे नसतानाही म्हैस त्यानेच जाते.

मग वाट तरी किती पाहायची? पाणी पिते, शेण टाकते, रवंथ करते, नजर तरतरीत आहे, तर एक-दोन दिवस धीर धरता येतो. डाव्या भकाळीत मूठ दाबून ठेवावी. निरोगी पोट दोन मिनिटांत दोन-तीनदा मूठ उचलते. घरी थर्मामीटर असू द्यावा. 101 ते 102 अंश फॅरनहाइट ताप नेहमीचा समजावा. 103 च्या वर गेला, रवंथ थांबली, तोंडात फोड आले, धाप लागली किंवा गळ्याखाली सूज दिसली तर तासभरही थांबू नये. प्रवासाच्या ताणानंतर, विशेषतः पावसाळ्यात, घटसर्प उसळतो आणि म्हशीला तो एका दिवसातही मारतो. पशुवैद्यकास बोलवा, नाहीतर 1962 या क्रमांकावर फोन करा. नुकती व्यालेली म्हैस असेल तर एका दिवसाचा उपासही डॉक्टरांना कळवावा.

एकदा खाऊ लागली की दुधासाठी लगेच खुराक वाढवू नये. रवंथ नीट बसू द्यावी, मग आठवड्याने पेंड थोडीथोडी चढवावी.