एका दिवसाच्या जीवाची वंशावळ

नदीकांठच्या दिव्यावर येणारा, शेपटीला दोन-तीन लांब तंतू असलेला नाजूक कीटक आपण पाहिला असेल. इंग्रजींत त्याला मेफ्लाय म्हणतात. पाण्यांत त्याचें बालपण महिनेच्या महिने चालतें. पंख फुटल्यावर मात्र त्याला खातां येत नाहीं, आणि बहुधा कांहीं तासांत किंवा दिवसांत तो मरतो.

चतुराप्रमाणें यालाही पंख पोटावर दुमडतां येत नाहींत. शिवाय, उडण्याजोगे पंख फुटल्यावर पुन्हां कात टाकणारा आजच्या कीटकांत हाच एक. तो चतुराचा सख्खा भाऊ कीं चुलत, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

मॅकॅफर्टी व एडमंड्स यांनीं १९७९ सालीं पिलांच्या पंखांच्या कोंबांवरून याचे दोन गट पाडले : जुळलेल्या कोंबांचा एक, सुट्यांचा दुसरा. विभागणी सोयीची होती. पण सुटे कोंब हें मूळचें लक्षण, आणि जुळलेल्यांची शाखा सुट्यांतूनच निघालेली. चार भावांपैकीं एकानें आडनांव बदललें, म्हणून उरलेल्या तिघांनाच आपण कुटुंब म्हणूं काय? म्हणून सुट्यांचा तो गट पुढें मोडावा लागला.

शिक्षक असतांना मीं वर्गीकरण याद्यांसारखें पाठ करविलें. ती चूक होती. वर्गीकरण म्हणजे कपाटांतील कप्पे नव्हेत. तें वंशाविषयींचें अनुमान आहे, आणि नवा पुरावा येतांच तें बदलण्याची तयारी हवी. मुलांना नांवांआधीं हें सांगावें.